उबळलेल्या तुरीपलीकडे

मेडशीच्या शिवारात शालिग्रामबुवांच्या वावराला एक गुण होता, जो गावातल्या त्यांच्या पक्क्या घरालाही नव्हता. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली मोबाईलला रेंज पुरी यायची. घरी बोलायचं म्हटलं की स्लॅबवर चढा, टाकीला टेकून उभे राहा, तरी अर्धा शब्द हवेतच. म्हणून त्यांची सून साधना दिवाळीपासून दुपारी लॅपटॉपची पिशवी पाठीला अडकवून, लेकीला कडेवर घेऊन वावरात यायची आणि निंबाखाली सतरंजी टाकून बसायची. लेक मंजू, अडीच वर्षांची. नवरा पवन कारंज्याला नोकरीला. तो शनिवारी यायचा.

साधना गणितात पीएचडी करते हे गावाला माहीत होतं. नेमकं काय करते हे सासूलाही उमगलं नव्हतं.

"काय लिहून राह्यली व एवढं?" प्रयागबाईनं एकदा निंबाखालीच विचारलं होतं.

साधनानं समोरच्या तुरीकडे बोट केलं. "हे तास दिसते न आत्याबाई? पेरताना तिफणीनं जागोजागी एक दिशा ठरवली. त्या दिशेनं चालत गेलं की एक तास. कोणता तास दुसऱ्याले कापत नाही, अन् सारं वावर तासातासात वाटलं जाते. असं कवा होते अन् कवा होत नाही, हे लोकाईनं कसं शोधलं, त्याचा इतिहास लिहून राह्यली मी."

प्रयागबाई बराच वेळ तुरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तास पाडाले पीएचडी लागत असन तं तुह्या सासऱ्याले पहिले द्या लागन. त्याचा तास जल्मात सरळ पडला नाही."

डिसेंबरातल्या त्या दुपारीही तूर अशीच समोर उभी होती. निंबाकडच्या अंगाला जमीन भारी, म्हणून तिथली तूर डोक्याच्या वर गेलेली, पिवळी फुलं आणि हिरव्या शेंगा एकाच फांदीवर, आणि फांद्या अशा एकमेकींत गुंतलेल्या की दोन ओळींच्या मधे नुसतं एक अंधारं बोळकांडं उरलं होतं. त्या बोळकांड्यातून पुढं जाता यायचं नाहीतर मागं. बाजूला सरकायला जागा नव्हती. खाली नालीकडच्या अंगाला मात्र पावसाचं पाणी तुंबलं होतं आणि तिथली तूर उबळली होती. उभ्या उभ्या वाळलेली, विरळ, कुठे कुठे नुसती काटकं. दाट तूर कुठं संपली आणि उबळलेली कुठं सुरू झाली, हे मधे उभं राहूनही सांगता आलं नसतं. एक रोप जरा फिकं, पुढचं जरा आणखी, असं करत करत खाली सगळं उघडं पडलेलं.

प्रयागबाई पाण्याची कळशी घेऊन उठली. शेजारच्या कपाशीत वेचणी चालू होती. "मी वेचणाऱ्या बायायले पाणी देऊन येतो. पोट्टीकडे ध्यान ठेवजो."

"हाव."

मंजूच्या पायात पिवळ्या चपला होत्या. पवननं कारंज्याच्या बाजारातून आणलेल्या, पाय टेकला की पी वाजणाऱ्या. घरात सगळ्यांना त्या पी-पीचा वीट आला होता, साधनाला नव्हता. ती पी-पी कानाला लागून असली की डोळे पडद्यावर ठेवता यायचे. लेकराला सांभाळून लिहायचं तर एक कान असा बाहेर टांगून ठेवावाच लागतो, आणि दिवाळीपासून तिचं अर्धं प्रकरण त्या कानाच्या भरवशावर लिहून झालं होतं.

फोन वाजला. तिच्या मार्गदर्शक इंगोले मॅडम.

"साधना, तुझा इतिहास फार गुळगुळीत झालाय," मॅडमनी सुरुवातच तिथून केली. "फ्रोबेनियस झाला, मग ही सुधारणा, मग ती सुधारणा. जसे काही सगळे रेशनच्या रांगेत उभे होते. मधे माणसं चुकली, ते कुठं आहे?"

"आहे मॅडम. तळटीपेत."

"तळटीपेत नको, वर आण. आणि मला आत्ता तोंडी सांग. पुढच्या आठवड्यात समितीसमोर हेच विचारतील."

साधनानं फोन खांद्यात धरला आणि सांगायला लागली. हे सांगताना तिला नेहमी थोडं उडाल्यासारखं व्हायचं. "आधी एकोणिसाव्या शतकातलं प्रमेय. प्रत्येक जागेवर जायच्या काही दिशा ठरलेल्या, आणि सगळीकडे तितक्याच. त्यातल्या कुठल्याही दोन दिशांनी आळीपाळीनं पुढं-मागं जाऊन पाहायचं. तरीही पाऊल त्या दिशांच्या बाहेर पडत नसेल तर सगळी जागा पानापानांत सुटी होते. ज्या पानावर निघालो, त्याच पानावर राहणार. यात तिघांची कामं आहेत, चाळीसेक वर्षांत पसरलेली, आणि नाव शेवटच्याचं, फ्रोबेनियसचं राहिलं."

"बरं. पुढं?"

"पुढं प्रश्न आला की दिशा सगळीकडे सारख्या नसल्या तर? इथे एक, तिथे दोन, एखाद्या जागी एकही नाही. साठच्या दशकात दोन वेगळ्या अटी पुढं आल्या, दोन्ही बरोबर. मग कोणाला वाटलं, अट आणखी सैल करता येईल. तिथे सिद्धतेत भोक राहिलं."

"ते भोक लहान पोराला सांगितल्यासारखं सांग."

"समजा, अर्ध्या पटावर फक्त पुढं-मागं जाता येतं. उरलेल्या अर्ध्यावर कुठंही. आणि मधला बदल इतका हळूहळू की सीमेवर उभं राहून काही कळतच नाही. आता एकेका जागी थांबून जुनी कसोटी लावली, तर ती प्रत्येक जागी खरी उतरते. चूक कुठंच दिसत नाही. पण..."

त्या 'पण'पाशी ती थांबली. कानात काहीतरी कमी होतं.

सतरंजीवर बिस्किटांचा डबा होता, झाकण उघडं. चेंडू होता. मंजू नव्हती.

"मंजू?" ती म्हणाली, साध्या आवाजात. निंबाच्या मागं पाहिलं. पाइपांच्या ढिगामागं पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं, रस्ता लांबपर्यंत मोकळा. फोनमधून मॅडमचा आवाज येत होता, "साधना? हॅलो?" तो फोन कधी खाली ठेवला ते तिला पुढं आठवलं नाही. तुरीत मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव चालला होता, आणि त्या गुंजारवात पी-पी कुठंच नव्हती.

"मंजू..."

निंबासमोर ज्या तासाचं तोंड होतं त्यातच ती शिरली. शेंगा तोंडावर आपटल्या, फांद्यांनी ओढणी ओढून घेतली, ती तिनं तिथंच सोडली. आत वाकून चालावं लागत होतं. लेकराला वाकावं लागलं नसणार, तिच्या उंचीला ती सरळ वाटच होती. थोडं पुढं गेल्यावर तिला चप्पल दिसली. एकच, डाव्या पायाची, आडवी पडलेली, पट्टा सुटलेला.

चप्पल छातीशी धरून ती त्या तासातून धावत सुटली. तूर विरळ झाली, उजेड आला, आणि ती उबळलेल्या तुकड्यातून नालीवर निघाली. नाली कोरडी होती, लेकरू सहज ओलांडेल एवढी. नालीपलीकडे जानराव पाटलांचं शेततळं.

शेततळ्याला जाळीचं कुंपण होतं, पण रोह्यांनी, नीलगायींनी, ते एका जागी पाडलेलं. आत काळं प्लॅस्टिक, त्यावर शेवाळ, आणि बऱ्याच खाली पाणी. उन्हाळ्यात जानरावांची कालवड त्यात उतरली होती. पोहत राहिली, पण प्लॅस्टिकवर खूर ठरेना, आणि माणसं येईपर्यंत संपली होती. साधनानं ते पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. आता पाणी पाहताना तिला तेच दिसत होतं. पाणी निवांत होतं. एवढं निवांत कशाला असावं पाणी, असं तिला वाटलं, आणि मग ती ओरडली. शब्द नव्हता त्यात.

कपाशीतून बाया धावत आल्या. पुढं जमनाबाई. ती तांड्यावरच्या बायांची म्होरकी, वेचणी असो की निंदण, कोणती बाई कोणती पात, म्हणजे ओळ, धरेल हे तीच सांगायची. मागून प्रयागबाई, रिकामी कळशी हातात तशीच.

"काय झालं व? काय झालं?"

साधनानं चप्पल दाखवली. प्रयागबाई मटकन खाली बसली. "झटक्याची तार तं चालू नाही न," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"डुकराईसाठी रातीच सोडते करंट, दिवसा बंद रायते काकी," जमनाबाई म्हणाली. तिनं तुरीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. "उठा. चप्पल कोण्या तासात भेटली बाई? निंबासमोरच्या? चला, तो तास मधी ठेवा. इकडून तिकडून पात धरा. एकीनं एक तास. आवाज देत या."

बाया धावत वर गेल्या, निंबाखालून आत शिरल्या आणि एका ओळीत खाली यायला लागल्या. "मंजे... ए मंजाबाई... चॉकलेट देतो व..." सवयीचे हात फांद्या बाजूला सारत होते. रोजच्या पातीत मागं पडणारीला टोमणे बसायचे, आज कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. साधना पुन्हा चपलेच्याच तासातून आली. जमिनीवर काही उमटलंय का म्हणून वाकून वाकून पाहत आली, पण जमीन कडक होती आणि अडीच वर्षांच्या पायाला वजन ते किती.

सगळ्या बाया नालीवर निघाल्या, रिकाम्या हातांनी. जमनाबाई हळूच म्हणाली, "तासात गेली. तासात नाही. मंग..."

साऱ्यांची तोंडं आपोआप नालीपलीकडे वळली, त्या काळ्या प्लॅस्टिककडे.

तोवर शालिग्रामबुवा आले. जवळच्या मालेगावला गेले होते, कोणीतरी फोन केला, गाडी रस्त्यातच आडवी टाकून ते धावत आले. माणूस मोठ्या आवाजाचा. गावात ते रस्त्यानं बोलत गेले तर घरातल्या बायांना कळायचं. आता ते धुऱ्याधुऱ्यानं "मंजूऽऽ" करत फिरायला लागले आणि तो आवाज नालीवरून आपटून परत येत होता. जानरावांचा सालदार गडी किशन कमरेला दोर बांधून शेततळ्यात उतरला. दोराचं टोक चार जणांनी धरलं. तो लांब बांबूनं पाणी ढवळायला लागला.

कोणीतरी आपला मोबाईल साधनाच्या कानाला लावला, पवनचा फोन होता, तुटत तुटत येणारा. "मी निघालो," तो म्हणत होता. मागं मोटरसायकलचा आवाज, वारा. "साधना, पाण्यात पाह्यलं काय? साधना?"

"पाहून राह्यले," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा वाटला.

बांबूला काहीतरी अडकलं. किशननं तो उचलला. पाण्यातून पिवळं वर आलं. प्रयागबाईनं साधनाचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबून घेतलं, आणि साधनाला फक्त सासूच्या लुगड्याचा वास येत राहिला, कापसाचा आणि घामाचा. मंजूच्या अंगात आज पिवळा फ्रॉक होता का? सकाळी तिनंच घातला होता, आणि तिला रंग आठवेना. सकाळी लेकराला कपडे घालताना ती समितीच्या प्रश्नांचा विचार करत होती.

"खताची थैली हाय," किशन खालून म्हणाला. "नुसती थैली."

साधनाला फ्रॉक आठवला, लाल, खिशावर ससा. मग वाटलं, थैली निघाली म्हणून काय झालं, बांबू अजून सगळीकडे फिरला कुठं. किशननं बांबू पुन्हा पाण्यात घातला. तळ्याच्या कडेला आता गाव जमलं होतं आणि कोणीच दुसरीकडे पाहत नव्हतं.

तासात गेली. तासात नाही. मंग.

ते शब्द तिच्या डोक्यात फिरत होते, पुन्हा पुन्हा, बांबूसारखे. आणि फिरता फिरता त्यांना काहीतरी अडकलं. तिनं सासूच्या खांद्यावरून मान उचलली.

वर, निंबाकडे, लेकरू तास सोडून जाऊ शकत नव्हतं, हे खरं. चप्पल तिथं होती, म्हणून त्या तासात गेली, हेही खरं. त्या तासात आता ती नाही, खरं. एकेका जागी उभं राहून पाहिलं तर सगळं खरं. पण.

पण इथं, खाली, तूर उबळलेली होती. इथं तास नव्हतेच. इथं आलेलं लेकरू डावीकडे जाऊ शकत होतं, उजवीकडे जाऊ शकत होतं, या टोकाच्या धुऱ्यापासून त्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत, आणि तिथून पुन्हा वर कोणत्याही तासात शिरू शकत होतं. वरचा एक तास म्हणजे तिची पूर्ण जागा नव्हती. पूर्ण वावर तिची जागा होती. सगळ्यांनी वरची खात्री खालपर्यंत ओढत आणली होती, तिनंही, आणि जिनं दुपारी हीच चूक एका दमात सांगितली होती ती इतका वेळ पाण्याकडे पाहत उभी होती.

त्या चुकीवर उपाय दोन वेगळ्या देशांत दोघा गणितज्ञांना एकाच सुमारास सुचला होता. जागेवर थांबून तपासू नका. चाला. जिथं मोकळं आहे तिथली मोकळीक घेऊन उलटं चालत या, आणि इथं ती मावते का पाहा. त्या दोघांपैकी एक पुढं काही वर्षांतच डोंगर चढताना पडून गेला. हे वाचलं तेव्हा तिला एवढंच वाटलं होतं की ही गोष्ट प्रबंधात लिहायची नसते.

"मामाजी," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही. ती जमनाबाईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "जमनाबाई, ती तुरीतच असन."

"पाह्यली न बाई तूर."

"आपण निंबासमोरचे तास पाह्यले. बाकीचे नाही पाह्यले."

"बाकीच्यात कशी जाईन? मधून तं मांजर निघत नाही."

"वरून नाही. इथून. इथं कुठंबी फिरता येते न? इथून ती दुसऱ्याच तासात वापस वर गेली असन."

जमनाबाईनं मान वळवून उबळलेला तुकडा पाहिला, एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. तिच्या कपाळावर आठी आली. "हाव," ती सावकाश म्हणाली.

शालिग्रामबुवा पोचले होते. आवाज बसलेला, डोळे लाल. "नालीपर्यंत आलेलं लेकरू वापस कायले शिरन व तुरीत?"

"भेलं असन मामाजी," साधना म्हणाली. "मी ओरडली. मंग सारे ओरडले. तिच्यावर कोणी रागावलं की ती कशी करते? पलंगाखाली जाऊन बसते. आवाज दिला तरी निघत नाही. आवाज दिला तं अजून आत सरकते."

बुवांनी वळून शेततळ्याकडे पाहिलं.

"किशनभाऊले पाहू द्या पाण्यात," साधना म्हणाली. पाणी सोडा असं म्हणायची तिची छाती नव्हती. "बाकी सारे इकडे या. इथून वर जाऊ. सारे तास, एकबी सोडू नका. अन् कोणी आवाज देऊ नका. एकदम चूप. तिच्या एका पायात चप्पल आहे."

जमनाबाईनं पात लावली. या वेळी खालून, उबळलेल्या तुकड्याच्या पूर्ण रुंदीला, बाया, बघे, सगळे ओळीत. सूर्य टेकायला आला होता. आत अंधार झाला तर काय, हे प्रत्येकाला कळत होतं. रानडुकरं याच वेळी निघतात हेही. प्रयागबाईनं हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून आवळल्या, वाजू नयेत म्हणून. तिचं पाहून बाकीच्या बायांनीही सरकवल्या. बुवांनी पायातल्या वहाणा काढून धुऱ्यावर ठेवल्या.

साधनानं शेवटच्या धुऱ्याकडचा तास धरला.

ओरडण्यापेक्षा ही शांतता भयंकर होती. ओरडताना निदान काहीतरी करतोय असं वाटत होतं. आता नुसती पानांची सळसळ, आणि शेजारच्या तासात कोणाचा तरी दबलेला श्वास. तूर दाट होत गेली, डोक्यावर मिटली. मधमाश्या घरी गेल्या होत्या. कुठं काटकी मोडली की ती तिकडे वळायची आणि ते कोणाचं तरी पाऊल निघायचं. ती एक पाऊल टाकायची, थांबायची, ऐकायची. मागं, लांब, शेततळ्यात बांबूचा पाण्यावर आवाज. तो मोठा झाला, कोणी हाक मारली, तर काय ऐकायचं आपण, हे तिच्या मनात आलं आणि तिचे पाय जागच्या जागी रुतले. पुढं जावं तर ते तळं मागं राहतं. मागं जावं तर तूर राहते. ती तशीच उभी राहिली, तोंडावर हात दाबून.

पी.

तिनं श्वास धरला. काही नाही. भास झाला असेल, दिवसभर तोच आवाज कानात आहे.

पी. मग एका पावलाची रिकामी जागा. मग पी.

चप्पल घातलेला पाय, उघडा पाय, चप्पल घातलेला पाय. दोन तास पलीकडे, थोडं वर.

मधे फांद्या होत्या. दोन ओळींच्या गुंतलेल्या, मनगटाएवढी खोडं. मांजर निघत नाही असं जमनाबाई म्हणाली होती. साधना त्यात घुसली. खांदा आधी, मग डोकं. फुलोऱ्यातली तूर कडाकड मोडली, गाल ओरबाडला, बाही फाटली. एक ओळ. दुसरी ओळ.

मंजू तिच्याकडे पाठ करून उभी होती. मागं मोडामोड ऐकून ती मटकन खाली बसली आणि दोन्ही तळव्यांनी स्वतःचे डोळे झाकून घेतले. आपल्याला दिसत नाही म्हणजे आपण कोणाला दिसत नाही, हा तिचा घरचा हिशेब. हनुवटीला तुरीच्या कोवळ्या दाण्यांचा हिरवा रस लागलेला. एका मुठीत शेंग.

साधनाला हाक मारायचा धीर होईना. ती गुडघ्यांवर आली, हळूच पुढं सरकली आणि हातातली पिवळी चप्पल मातीवर टेकवून दाबली. पी.

मंजूनं दोन बोटांच्या फटीतून पाहिलं. मग कुजबुजली, "आबा मले रागोले."

"नाही रागावले बाळा."

"आई बी रागोली."

"नाही व माय," साधना म्हणाली. माहेरी तिची आई बोलायची तशी. "आई भेली होती."

मंजूनं यावर विचार केला. "मी बी," ती म्हणाली, आणि आईच्या मांडीवर चढून बसली, आणि तिथं बसल्यावर मग रडायला लागली.

त्या रडण्यावर सगळं वावर धावून आलं. प्रयागबाईनं नातीला ओढून घेतलं, कानशिलावर बोटं मोडली, आणि मोडता मोडता स्वतःच हमसून हमसून रडली. जमनाबाईनं नालीकडे तोंड करून किशनला हाळी दिली, "निंघ रे बाप्पा बाहेर, भेटली." साधनाला दोघींनी काखेत धरून उभं केलं. बुवा मात्र जवळ आले नाहीत. मोडलेल्या तुरीत अनवाणी उभे राहिले, आणि बऱ्याच वेळानं, गावात कोणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात, जवळजवळ ओठांनीच म्हणाले, "मंजाबाई."

मंजूनं आजीच्या मानेत तोंड लपवलं. मग एक डोळा काढला.

निंबाखाली लॅपटॉप विझून पडला होता. फोनवर इंगोले मॅडमचे कितीतरी फोन येऊन गेलेले. पवनला सांगून झाल्यावर साधनानं त्यांना लावला.

"अगं काय झालं? 'पण' म्हणालीस आणि गेलीस."

काय झालं ते साधनानं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मधेमधे तुटत राहिलं. मॅडम म्हणाल्या, "प्रकरण राहू दे. समितीची तारीख मी पुढं ढकलते. घरी जा."

"मॅडम, ते वर आणते मी. तळटीपेतलं."

"साधना, घरी जा आधी."

दिवेलागणीला पवन पोचला तेव्हा मंजू ओसरीवर आजीच्या गोधडीत झोपून गेली होती, न जेवता. तो उंबऱ्यातच उभा राहिला, हेल्मेट हातात, आणि लेकीच्या छातीचं वरखाली होणं पाहत राहिला. प्रयागबाईनं दृष्ट काढली. मोडलेल्या तुरीबद्दल घरात कोणी शब्द काढला नाही. बुवांनी फक्त एवढंच सांगितलं की उद्या जानरावाकडे जाऊन कुंपण उभं करून येतो, तो करो न करो.

साधना लेकीजवळ भिंतीला टेकून बसली. मांडीवर लॅपटॉप, चार्जरची वायर खिडकीतून आत गेलेली. तिनं प्रकरण उघडलं, तळटीप कापली आणि वर आणली. 'पण'पर्यंत आली. त्यापुढचं वाक्य तिला पाठ होतं, चांगलं वाक्य होतं, आणि तिच्याच्यानं ते लिहिवेना. डोळ्यांसमोर ते वावर येत होतं. दाट कुठं संपतं आणि विरळ कुठं सुरू होतं, ते तिला आत्ताही सांगता आलं नसतं. उद्या दुपारी त्याच निंबाखाली बसायचं होतं. पुरी रेंज दुसरीकडे कुठं नव्हती.

पवन म्हणाला, "झोपेत बी चपला कायले? काढ न त्या."

"राहू दे."

तिनं गोधडीखाली हात घातला. दोन्ही तळपाय तिथं होते, दोन्ही चपला, पट्टे तिनंच घट्ट लावलेले. एका हातानं ती एकेक अक्षर दाबत लिहायला लागली. दुसरा हात गोधडीखालीच होता, आणि थोड्या थोड्या वेळानं, लेकीची झोप मोडणार नाही इतक्या हळू, ती अंगठ्यानं चपलेचा तळ दाबून पाहत होती.